कॉर्नियाच्या बुरशीसंसर्गात औषध कोणत्या मार्गाने द्यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नेत्रविभागात नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मार्गांची तुलना समजावून सांगण्यासाठी आहेत. कोणत्या डोळ्याला काय द्यायचे, हे तो डोळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञानेच ठरवायचे असते.

१. कॉर्नियाला बुरशी लागते म्हणजे नेमके काय होते?

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. काडी, पान, काटा किंवा मातीचा कण लागून त्याच्या वरच्या थराला ओरखडा पडला की फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलससारख्या तंतुमय बुरशीला आत शिरायला वाट मिळते. उष्ण आणि दमट प्रदेशांत हा प्रकार अधिक दिसतो. थंड प्रदेशांत, तसेच डोळ्याचा पृष्ठभाग आधीपासून आजारी असेल तेथे, कॅन्डिडा या यीस्टवर्गीय बुरशीचे प्रमाण वाढते. काँटॅक्ट लेन्स हेही एक कारण आहे. २००५-०६ मध्ये लेन्स वापरणाऱ्यांत फ्युजेरियमची मोठी साथच आली होती.

या आजाराची पहिली नोंद १८७९ मध्ये थिओडोर लेबर यांनी केली, म्हणजे वैद्यकाला तो नवा नाही. तरीही जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक डोळ्यांना तो होतो असा अंदाज आहे, आणि त्यांतील कित्येक डोळ्यांत आजार बरा झाल्यावरही फूल, म्हणजे पांढरट डाग, राहते. बुरशी बुबुळात जितके दिवस राहील तितके ते फूल दाट होत जाते. औषध वेळेत आणि योग्य जागी पोचण्याला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

२. औषध योग्य असेल तर ते कोणत्याही मार्गाने दिले तरी चालत नाही का?

नाही, आणि त्याचे कारण कॉर्नियाच्या रचनेत आहे. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गोळीतून रक्तात गेलेले औषध तेथे थेट पोचत नाही. ते डोळ्याच्या आतील द्रवातून आणि कडेच्या रक्तवाहिन्यांतून झिरपत यावे लागते. बाहेरून थेंब घातले तर अडचण निराळी असते. सर्वांत वरचा पेशींचा थर तेलकट स्वभावाचा असून पाण्यात विरघळणाऱ्या औषधांना तो अडवतो, तर त्याखालचा जाड थर पाणीदार असून तेलात विरघळणाऱ्या औषधांना तेथे अडथळा होतो. जे औषध दोन्ही थरांतून सहज जाते तेच खोलवर पोचते.

औषध पोचवण्याचे मुख्य मार्ग पाच आहेत: थेंब, तोंडाने गोळ्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली इंजेक्शन, कॉर्नियाच्या जाडीतच इंजेक्शन, आणि कॉर्नियामागच्या द्रवाने भरलेल्या पोकळीत, म्हणजे अग्रकक्षात, इंजेक्शन. शेवटच्या दोन मार्गांत औषध खोलवरच्या बुरशीच्या अधिक जवळ सोडले जाते, हे खरे. पण जवळ सोडलेले औषध अधिक गुणकारी ठरतेच असे नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचा गाभा हाच आहे.

३. एवढ्या गंभीर आजारावर साधे थेंब पुरेसे कसे पडतील?

थेंबाला साधे समजण्यातच चूक होते. कोणत्याही मार्गाने बुबुळाच्या पृष्ठभागावर औषधाची इतकी दाट मात्रा दिवसभर टिकवता येत नाही, जितकी ती थेंबांनी टिकवता येते. बुरशीचा व्रण सुरुवातीला पृष्ठभागावर आणि त्याच्या लगतच्या थरातच असतो. शिवाय व्रणाच्या जागी वरचा थर गळून पडलेला असल्यामुळे निरोगी डोळ्यातील मुख्य अडसर तेथे उरलेला नसतो.

थेंबांची मर्यादा आहे ती टिकण्याची. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, तर अश्रूंसह डोळा जेमतेम ३० मायक्रोलिटर धरू शकतो. उरलेले गालावर ओघळते किंवा अश्रूमार्गातून नाकात उतरते, आणि राहिलेले अश्रूंनी काही मिनिटांत धुतले जाते. एका थेंबातील फार थोडा अंश कॉर्नियात शिरतो. म्हणून पहिल्या दिवसांत थेंब तासातासाला घालावे लागतात (वेळापत्रकासाठी प्रश्न ५ पाहावा).

नॅटामायसिन हे या उपचाराचे मुख्य औषध आहे. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून ते मिळाले आणि प्रांताचेच नाव त्याला चिकटले. बुरशीच्या पेशीआवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. नॅटामायसिन त्याला जाऊन चिकटते आणि पेशीचे कामकाज थांबवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७८ मध्ये त्याच्या ५ टक्के थेंबांना मान्यता दिली आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. त्याचा रेणू मोठा असतो आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे खोलवर जाण्यात ते कमी पडते. हा दोष सर्वांना मान्य आहे. तरीही ते पहिल्या क्रमांकावर का आहे, याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

४. व्होरिकोनॅझोल नवे आहे आणि खोलवर जाते असे वाचले. मग नॅटामायसिन का देतात?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि कागदावर पाहिले तर व्होरिकोनॅझोलच सरस दिसते. त्याचा रेणू लहान असतो, ते कॉर्नियातून सहज आत जाते आणि प्रयोगशाळेत अनेक बुरशींवर चांगला प्रभाव दाखवते. म्हणून दोन्ही थेंबांची प्रत्यक्ष रुग्णांवर तुलना करण्यात आली. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३२३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना एक औषध आणि निम्म्यांना दुसरे देण्यात आले, आणि कोणाला कोणते मिळत आहे हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

तीन महिन्यांनंतर नॅटामायसिन मिळालेल्यांची दृष्टी सरासरीने तक्त्यावरच्या जवळजवळ दोन ओळींनी चांगली होती आणि फ्युजेरियमच्या रुग्णांत हा फरक चार ओळींचा होता. बुबुळ फुटण्याचे किंवा तातडीने कॉर्नियारोपण करावे लागण्याचे प्रमाणही नॅटामायसिनच्या गटात कमी राहिले. सहाव्या दिवशी पुन्हा नमुना घेतला तेव्हा व्होरिकोनॅझोलच्या गटात अधिक डोळ्यांत बुरशी जिवंत आढळली. फ्युजेरियम वगळता इतर बुरशींत मात्र दोन्ही औषधांत लक्षणीय फरक दिसला नाही.

औषध किती खोल जाते हे तुलनेचे एकच माप आहे. जेथे ते पोचते तेथे पुरेशा मात्रेत, पुरेसा वेळ टिकून, त्या विशिष्ट बुरशीला मारते का, हे दुसरे आणि अधिक निर्णायक माप. ही चाचणी या क्षेत्रातील सर्वांत मोलाची आहे असे मला वाटते, कारण तर्काने पटणारी गोष्ट रुग्णावर तपासून पाहिल्याशिवाय खरी मानू नये हे तिने दाखवून दिले. कॅन्डिडाचा संसर्ग असेल तर निवड वेगळी होते. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

५. तासातासाला थेंब म्हणजे रात्री झोपेतून उठवूनही घालायचे का? आणि किती दिवस?

पहिले दोन दिवस अनेक नेत्रतज्ज्ञ रात्रीही थेंब घालण्यास सांगतात, विशेषतः व्रण मोठा किंवा खोल असेल तेव्हा. प्रश्न ४ मधील चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला आणि त्यानंतर तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन तासांनी थेंब घालण्याचे वेळापत्रक होते. पुढे सुधारणा पाहून अंतर वाढवतात. बुरशी हळू वाढते आणि हळूच मरते, म्हणून उपचार आठवड्यांच्या हिशेबात चालतो. कधी तो दोन महिन्यांवरही जातो.

हे घरच्यांसाठी थकवणारे काम आहे. तरीही सांगायला हवे की थेंब चुकणे हे उपचार फसण्याचे मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. रुग्ण एकटा राहत असेल, वयस्कर असेल, त्याचा हात थरथरत असेल किंवा दुसऱ्या डोळ्यानेही त्याला नीट दिसत नसेल, तर पहिले काही दिवस रुग्णालयात दाखल होणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. अशा वेळी दाखल होण्याचा खरा फायदा थेंब वेळेवर पडण्यात असतो. घरी करायचे असेल तर वेळांचा तक्ता भिंतीवर लावून प्रत्येक थेंबाची खूण करावी आणि आळीपाळीने दोघांनी जबाबदारी घ्यावी.

६. थेंब घालण्याची नेमकी पद्धत कोणती? डोळ्यात पांढरा साका साचतो तो काढायचा का?

नॅटामायसिन पाण्यात पूर्ण विरघळत नसल्यामुळे बाटलीत त्याचे बारीक कण तळाशी बसतात. प्रत्येक वेळी बाटली नीट हलवली नाही, तर सुरुवातीला नुसते पाणी आणि शेवटी घट्ट गाळ डोळ्यात जातो. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोलगट जागेत एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, डोळा हलकेच मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे अलगद दाबून धरावा. लगेच दुसरा थेंब टाकल्यास पहिला वाहून जातो, म्हणून दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. मलम दिले असेल तर ते सर्वांत शेवटी लावावे.

पांढरा साका हा बहुधा औषधाचाच असतो. तो व्रणावर चिकटून राहिल्यास तेथे औषधाचा साठाच तयार होतो, त्यामुळे त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पापण्यांवर साचलेला थर उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने पुसावा, पण बुबुळावरचा थर घरी काढू नये. तो साका आहे की व्रण वाढला आहे, हे आरशात पाहून ठरवता येत नाही.

नॅटामायसिनची बाटली २ ते २४ अंश सेल्सियस तापमानात, उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवतात. ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

७. रुग्णालयाने इंजेक्शनच्या औषधापासून थेंब बनवून दिले. डोळ्यासाठी ते सुरक्षित असतात का?

योग्य रीतीने बनवलेले असतील तर हो. ॲम्फोटेरिसिन बी हे आणखी एक बुरशीविरोधी औषध आणि अनेक ठिकाणी व्होरिकोनॅझोलही डोळ्यांसाठी तयार स्वरूपात मिळत नाहीत, म्हणून शिरेतून देण्याच्या इंजेक्शनची पावडर निर्जंतुक वातावरणात पातळ करून थेंब तयार करतात. व्होरिकोनॅझोल बहुधा १ टक्का आणि ॲम्फोटेरिसिन बी साधारण ०.१५ टक्के असते. ॲम्फोटेरिसिन सलाइनमध्ये मिसळल्यास फाटते, म्हणून त्यासाठी निर्जंतुक पाणी किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरावे लागते. ही चूक अननुभवी हातून होऊ शकते, म्हणून तरुण डॉक्टरांसाठी मुद्दाम नोंदवत आहे.

रुग्णाने लक्षात ठेवायचे ते असे की या बाटल्यांचे आयुष्य थोडे असते. बाटलीवर लिहिलेली मुदत संपली की औषध उरले असले तरी ती टाकून द्यावी, फ्रिजमध्ये पण न गोठवता ठेवावी आणि ॲम्फोटेरिसिन उजेडापासून जपावे. ॲम्फोटेरिसिनचे थेंब झोंबतात आणि डोळा लाल करतात. तेवढ्यावरून औषध परस्पर बंद करू नये, तपासणीच्या वेळी सांगावे.

८. डॉक्टर व्रण वरचेवर खरवडतात. त्याचा औषध पोचण्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. पहिल्यांदा खरवडण्याचा हेतू निदानाचा असतो. तो अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी पाठवतात. नंतरच्या खरवडण्यात मेलेल्या पेशींचा थर आणि बुरशीचा काही भार निघतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थेंबांच्या वाटेतला अडसर दूर होतो. वरचा थर काढल्यावर नॅटामायसिन आणि ॲम्फोटेरिसिन कॉर्नियात अधिक शिरतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. कॉर्निया फार पातळ झाला असेल तर मात्र खरवडणे टाळतात.

९. थेंबांपेक्षा गोळी अधिक जोरदार नसते का?

हा समज फार खोलवर रुजलेला आहे, कारण इतर बहुतेक आजारांत मलमापेक्षा गोळी मोठी मानली जाते. येथे तो हिशेब लागू पडत नाही. नॅटामायसिन तोंडाने घेतल्यास शोषलेच जात नाही, त्यामुळे त्याची गोळी या कामासाठी उपयोगाची नाही. फ्लुकोनॅझोल डोळ्यात चांगले उतरते, पण फ्युजेरियम आणि ॲस्परजिलसवर ते फारसे चालत नाही. इट्राकोनॅझोल ॲस्परजिलसवर बरे, फ्युजेरियमवर दुबळे. किटोकोनॅझोल पूर्वी बरेच वापरत, पण यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते मागे पडले.

उरते व्होरिकोनॅझोल. ते तोंडाने घेतल्यास डोळ्यातील द्रवात रक्तातील मात्रेच्या सुमारे निम्म्याने पोचते, ही उत्तम बाब आहे. त्याचीही परीक्षा झाली. दृष्टी बरीच खालावलेल्या, मोठे व्रण असलेल्या २४० रुग्णांवर भारत आणि नेपाळमध्ये झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेंब सर्वांना चालूच होते. त्यांतील निम्म्यांना जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या आणि बाकीच्यांना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. बुबुळ फुटण्याच्या किंवा रोपण करावे लागण्याच्या प्रमाणात एकूण फरक पडला नाही, अपाय मात्र गोळ्या घेणाऱ्यांत अधिक झाले. फ्युजेरियमच्या रुग्णांचा वेगळा हिशेब मांडला तेव्हा थोड्या लाभाची शक्यता दिसली. म्हणून काही तज्ज्ञ त्यांना गोळ्या देतात आणि काही देत नाहीत. दोन्ही भूमिका प्रामाणिक असू शकतात.

म्हणून प्रत्येक रुग्णाला गोळ्या सुरू करण्याची सवय मला योग्य वाटत नाही. व्रण कॉर्नियाच्या काठापर्यंत किंवा पलीकडच्या पांढऱ्या भागात पसरला असेल, संसर्ग डोळ्याच्या आत उतरल्याचा संशय असेल किंवा बुबुळ फुटले असेल, तर गोळ्यांना निश्चित स्थान आहे. पांढऱ्या भागाला आणि काठाला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे रक्तातून येणारे औषध तेथे उपयोगी पडते. गोळी कधीही थेंबांच्या जोडीला असते. गोळी सुरू झाली म्हणून थेंब कमी करणारे रुग्ण स्वतःचे मोठे नुकसान करून घेतात.

१०. व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या चालू असताना काय सांभाळावे?

यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि मधूनमधून कराव्या लागतात. गोळी जेवणाआधी किंवा जेवणानंतर एक तासाचे अंतर ठेवून घ्यावी. काही जणांना गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास उजेड झगझगीत वाटतो, रंग बदललेले दिसतात किंवा नजर धूसर होते. हे तात्पुरते असते, पण रुग्ण आधीच दृष्टीच्या काळजीत असल्यामुळे आजार बळावला असे समजून घाबरतो, म्हणून त्याची पूर्वकल्पना द्यायलाच हवी. त्या काळात रात्री वाहन चालवू नये आणि कडक उन्हात त्वचा झाकावी.

रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची, फिट्सची आणि इतर अनेक औषधे याच्याशी झगडतात, तेव्हा चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे. हे औषध पचवणारे यकृतातील विकर काही लोकांत जन्मतः मंद असते. त्यांच्या रक्तात त्याच मात्रेने औषध जास्त साचते. गर्भवतींना ही गोळी टाळतात.

११. बुबुळातच इंजेक्शन देऊन औषध थेट बुरशीपर्यंत का पोचवत नाहीत?

देतात. सर्व थेंब चालू असूनही खोलवरचा व्रण हटत नसेल तेव्हा व्होरिकोनॅझोल कॉर्नियाच्या जाडीत, व्रणाभोवती चार-पाच ठिकाणी, अतिशय बारीक सुईने सोडतात. प्रचलित मात्रा ०.१ मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम अशी आहे. डोळ्याला थेंबांनी भूल दिली जाते आणि काम काही मिनिटांत होते. औषध सोडलेल्या जागी कॉर्निया क्षणभर पांढरट फुगतो. वाटेतला प्रत्येक अडसर ओलांडून औषध नेमके हव्या त्या खोलीवर पोचते, म्हणून हा मार्ग आदर्श वाटतो. थेंबांना दाद न देणारे काही डोळे याने बरे झाल्याच्या नोंदीही आहेत.

पण तुलनात्मक चाचण्यांनी वेगळे चित्र दाखवले. नॅटामायसिनला दाद न देणाऱ्या ४० डोळ्यांवर झालेल्या, २०१३ च्या अभ्यासात जोडीला व्होरिकोनॅझोलचे थेंब दिलेल्यांची दृष्टी इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा चांगली राहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत ७० रुग्णांपैकी काहींना नॅटामायसिनच्या जोडीला सुरुवातीपासूनच ही इंजेक्शने दिली. त्याने ना बुरशी लवकर गेली ना दृष्टी अधिक सुधारली. उलट बुबुळ फुटण्याचा धोका या गटात अधिक आढळला. यामागे काय असावे याचा तर्क करता येतो: सुईचे प्रत्येक छिद्र आधीच कमजोर झालेल्या पडद्याला पडते आणि द्रवाच्या दाबाने ऊती फाकतात. शिवाय एकदा सोडलेले औषध तेथे कायम राहत नाही, तर थेंब दर तासाला नवी भर घालतात.

म्हणून पहिल्या दिवशी इंजेक्शनचा आग्रह धरू नये. हा मार्ग पातळ झालेल्या कॉर्नियासाठी नाही. जाडी शाबूत असलेल्या, खोल, हट्टी व्रणासाठी तो राखून ठेवावा.

१२. डोळ्याच्या आत, अग्रकक्षात औषध सोडणे कधी योग्य ठरते?

बुरशीचे तंतू कॉर्नियाचा सर्वांत आतला पापुद्राही न फोडता ओलांडू शकतात. जीवाणूंच्या तुलनेत बुरशीचे हे वेगळेपण आहे. तंतू आत उतरले, मागच्या बाजूला पांढरा चकता दिसू लागला किंवा साठलेला पू वाढत गेला, तर थेंब तेथवर पुरेसे पोचत नाहीत. अशा वेळी ॲम्फोटेरिसिन बी ५ ते १० मायक्रोग्रॅम किंवा व्होरिकोनॅझोल अग्रकक्षात सोडतात. हे शस्त्रक्रियागृहात करायचे काम आहे.

यानंतर डोळ्याच्या आत सूज येणे, दुखणे, भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होणे असे अपाय होऊ शकतात. ॲम्फोटेरिसिनची मात्रा जराही वाढली तर कॉर्नियाच्या आतल्या पेशींना इजा होते. सर्व खोल व्रणांना सरसकट हे इंजेक्शन दिल्याने निकाल सुधारतात असे तुलनात्मक अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. पू दिसला म्हणजे आत बुरशी गेलीच असेही नाही, कारण तो अनेकदा केवळ दाहामुळे साठतो आणि त्यात बुरशी नसते.

१३. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर देतात ते इंजेक्शन अजून वापरतात का?

क्वचित. फ्लुकोनॅझोल या मार्गाने काही ठिकाणी दिले जाते, विशेषतः रुग्ण थेंब घेऊच शकत नसेल तेव्हा. ॲम्फोटेरिसिन या मार्गाने दिल्यास तेथील ऊती मरू शकतात. इंजेक्शन दुखते, पुन्हा पुन्हा द्यावे लागते आणि थेंबांहून सरस ठरल्याचा आधार नाही.

१४. डोळा इतका लाल आणि सुजलेला आहे, तर जोडीला स्टिरॉइडचे थेंब का देत नाहीत? आणि दुखणे थांबवणारे भुलीचे थेंब?

स्टिरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते आणि रुग्णाला बरे वाटते, पण शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे बुरशी मोकळेपणी पसरते. निदान होण्यापूर्वी कोणीतरी दिलेले स्टिरॉइडचे थेंब वापरून आलेल्या रुग्णांचे व्रण बहुधा अधिक खोल असतात, आणि ही गोष्ट पाहताना फार वाईट वाटते, कारण ती टाळता आली असती. घरात आधीच्या आजारातून उरलेली कोणतीही बाटली वापरू नये. भुलीचे थेंब घरी वापरल्यास वरचा थर भरून येत नाही आणि कॉर्निया विरघळू लागतो, म्हणून ते केवळ तपासणीपुरतेच असतात. वेदनेसाठी बाहुली विस्फारणारे थेंब आणि तोंडाने घ्यायची वेदनाशामके दिली जातात.

१५. कॅन्डिडा, लहान मुले, गर्भारपण, काँटॅक्ट लेन्स: यांत मार्ग बदलतो का?

कॅन्डिडासाठी मार्ग तोच, औषध बदलते. तेथे ॲम्फोटेरिसिन बीचे थेंब बहुधा पहिली निवड असतात आणि फ्लुकोनॅझोल तसेच व्होरिकोनॅझोलही उपयोगी पडतात. म्हणूनच प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबून न राहता उपचार सुरू करावा, पण अहवाल आल्यावर तो नव्याने तपासून पाहावा.

लहान मुले थेंब घालू देत नाहीत आणि रडण्याने औषध वाहून जाते, त्यामुळे त्यांना दाखल करणे आणि गरजेनुसार गुंगी देऊन तपासणे अधिक वेळा करावे लागते. गर्भवतीसाठी नॅटामायसिनचे थेंब तुलनेने निर्धास्त असतात, कारण ते रक्तात जवळजवळ उतरत नाही. गोळ्यांबाबत प्रश्न १० पाहावा. लेन्स वापरणाऱ्याने ती तत्काळ काढावी, पण लेन्स, डबी आणि द्रावण फेकू नये, कारण तपासणीसाठी त्यांचा नमुना उपयोगी पडतो.

१६. किरणांनी कॉर्निया घट्ट करण्याची पद्धत, औषध सोडणारी लेन्स, नॅनोकण यांविषयी ऐकतो. ते कितपत खरे आहे?

पहिली गोष्ट औषध पोचवण्याचा मार्गच नाही. रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणे वापरून करतात त्या क्रॉसलिंकिंगने बुरशी मरेल, अशी आशा होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १११ रुग्णांच्या चाचणीत थेंबांच्या जोडीला हे केल्याने लाभ झाला नाही आणि दृष्टी उलट कमी राहिली.

औषध सोडणारी लेन्स ही कल्पना मात्र पायाशुद्ध आहे, कारण थेंब धुतला जाण्याची अडचण तीच सोडवते. ॲलर्जीचे औषध हळूहळू सोडणाऱ्या लेन्सला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बुरशीविरोधी औषधांसाठी अशा लेन्स, नॅनोकण, पृष्ठभागाला चिकटून राहणारे जेल आणि विरघळणाऱ्या सूक्ष्म सुया प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासल्या जात आहेत. मला यांतून खरी आशा वाटते, विशेषतः ज्यांच्याकडे दर तासाला थेंब घालणारे कोणी नाही त्यांच्यासाठी. पण आज बसवलेली साधी लेन्स औषधाचे काम करत नाही आणि संसर्ग चालू असताना ती धोक्याची ठरू शकते.

१७. नॅटामायसिन मिळत नसेल तर क्लोरहेक्सिडिनचे थेंब चालतील का?

औषधाचा तुटवडा असलेल्या ठिकाणांहून हा प्रश्न सतत येतो. क्लोरहेक्सिडिन स्वस्त आहे आणि बनवायला सोपे आहे, म्हणून ते नॅटामायसिनच्या तोडीचे ठरते का हे नेपाळमध्ये ३५४ रुग्णांवर पाहण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नॅटामायसिन स्पष्टपणे सरस ठरले. काहीच हाती नसताना ते वापरावे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. नॅटामायसिन मिळेल अशा ठिकाणी रुग्णाला लवकर पाठवणे अधिक बरे.

१८. आठवडा झाला, फरक दिसत नाही. मार्ग बदलायचा का?

आधी तीन गोष्टी तपासाव्यात. थेंब खरोखर ठरल्या वेळी पडले का? बाटली हलवली जात होती का? आणि निदान बरोबर आहे का, कारण अकॅन्थामिबा नावाचा एकपेशीय जीव आणि काही जीवाणू बुरशीसारखाच व्रण करतात? पहिल्या आठवड्यात व्रण वाढला नाही, कडा धूसर न राहता बोथट होऊ लागल्या, दुखणे कमी झाले, तर ती सुधारणाच आहे. बुरशीच्या व्रणात वाढ थांबणे हेच पहिले चांगले लक्षण असते.

खरोखर वाढ होत असेल तर पुन्हा खरवडून नमुना घेतात, दुसरे थेंब जोडतात आणि खोलीनुसार प्रश्न ९, ११ व १२ मधील मार्गांचा विचार करतात. कॉर्निया फुटण्याच्या बेतात असेल किंवा संसर्ग काठाकडे सरकत असेल तर एकामागून एक इंजेक्शने देत वेळ दवडू नये. संसर्ग झालेला भाग निरोगी कडांसह काढून दात्याचा कॉर्निया बसवणे हाच त्या वेळी बुरशी हटवण्याचा उपाय असतो, आणि तो काठ गाठण्याआधी केला तर डोळा वाचण्याची शक्यता अधिक असते.

१९. रोपणानंतर औषधांची गरज उरत नाही ना?

उरते. काढलेल्या भागाच्या कडेला बुरशीचे तंतू राहिलेले असू शकतात, म्हणून बुरशीविरोधी थेंब आणि अनेकदा गोळ्याही पुढे चालू ठेवतात. येथे एक अवघड पेच असतो. इतर कॉर्नियारोपणांत पडदा नाकारला जाऊ नये म्हणून लगेच स्टिरॉइड देतात, पण बुरशीसाठी केलेल्या रोपणात ते सुरुवातीला टाळावे लागते (कारण प्रश्न १४ मध्ये). कधी सुरू करायचे हे काढलेल्या ऊतीच्या तपासणीवर आणि नव्या पडद्याच्या स्थितीवर ठरते.

२०. व्रण भरला, डोळ्याची लाली गेली. थेंब बंद करू का?

स्वतःहून नाही. वरचा थर भरून आला तरी त्याखाली बुरशी जिवंत असू शकते, आणि अडसर पुन्हा उभा राहिल्यामुळे थेंबांना आता आत शिरणेही अवघड झालेले असते. म्हणून व्रण भरल्यावरही काही आठवडे थेंब कमी वेळा का होईना चालू ठेवतात आणि मगच थांबवतात. थांबवल्यावर पुन्हा दुखू लागले, उजेड सहन होईना किंवा फुलाच्या कडेला नवी धूसर रेघ दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.